थंडी हिंगोलीची, बिल बाबांचं

हिंगोलीला थंडी पडते? पुण्यातल्या आमच्या ऑफिसात हा प्रश्न मला दर डिसेंबरला कुणी ना कुणी विचारतं, आणि विचारणारा हमखास नाशिकचा नाहीतर महाबळेश्वरचा अभिमानी असतो. मराठवाडा म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर पाण्याचे टँकर आणि ४३ अंशांचं ऊन येतं. त्यांचंही फार चूक नाही म्हणा. पण रामलीला मैदानावरचं दसऱ्याचं प्रदर्शन उठलं, दिवाळीचे आकाशकंदील खाली उतरले, की कयाधूकाठच्या आमच्या गावात संध्याकाळचा वारा एकदम नूर बदलतो. डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा दहाच्या आसपास, उत्तरेचं बोचरं वारं सुटलं तर त्याच्याही खाली. खोटं वाटत असेल तर ट्रॅव्हल्सच्या स्लीपरमधून पहाटे साडेपाचला हिंगोलीत उतरून दाखवा!

गंमत अशी, की त्याच दिवशी दुपारी दोन वाजता हीच माणसं शर्टाच्या बाह्या दुमडून उसाचा रस पीत उभी असतात. आकाश निरभ्र, हवा कोरडी. दिवसभर तापलेली जमीन आणि स्लॅब रात्री आपली ऊब थेट आकाशाला देऊन टाकतात. ढग असले तर ते गोधडीसारखं काम करतात, पण आमच्याकडे पौषात ढग कुठले? म्हणजे आमची थंडी ही युरोप-अमेरिकेतल्यासारखी चोवीस तासांची नव्हे. ती रात्री दहाला येते आणि सकाळी नऊला जाते. मधे रोज एक फुकटची, ऊबदार दुपार असते. आणि आम्ही नेमकी ती दुपार सोडून देऊन रात्री विजेने खोली तापवत बसतो.

आमच्या घरात हे २०२३ च्या डिसेंबरात सुरू झालं. बाबा सत्तरीचे, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त. आईचे गुडघे थंडीत कुरकुरतात. धाकटा भाऊ बंगळुरूला, मी पुण्यात. दोघंही फोनवरून काळजी करणारे. त्याने एका रात्री मोबाइलवर दोन बटणं दाबली आणि तिसऱ्या दिवशी घरी दोन हजार वॉटचा रूम हीटर हजर! दोन हजार वॉट म्हणजे तासाला दोन युनिट. रात्री चार तास चालवला तर आठ, महिन्याला दोनशे चाळीस. आमच्या घराचा हिवाळ्यातला नेहमीचा खर्च नव्वदच्या आसपास. दोन्हींची बेरीज करा. घरगुती विजेच्या दरात पहिल्या १०० युनिटांचा भाव वेगळा, १०१ ते ३०० चा बराच चढा, आणि ३०० च्या पुढे आणखी चढा. म्हणजे हीटरचं जवळजवळ प्रत्येक युनिट महागड्या भावात पडतं. वर सोळा टक्के वीज शुल्क.

"हीटरपेक्षा बिल बघूनच जास्त घाम यायलाय," बाबा फोनवर म्हणाले. आम्ही दोघं भावंडं हसलो. पण पुढे काय झालं असेल ते तुम्ही ओळखलं असेल. ज्या माणसाने चाळीस वर्षं खोलीतून बाहेर पडताना पंख्याचं बटण बंद केलं, तो तीनशेच्या पुढचं बिल भरून हीटर लावणार? हीटर खोक्यात गेला, आणि आई-बाबा मफलर गुंडाळून गारठ्यात बसायला लागले. कधीही विचारा, उत्तर ठरलेलं: "छे, कुठं थंडी आहे इथं!"

संक्रांतीला गेले तेव्हा सोबत एक छोटा डिजिटल थर्मामीटर नेला होता. पहाटे सहाला बाबांच्या खोलीत साडेसोळा अंश. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये घरांबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यात थंडीच्या दिवसांत घरातलं तापमान निदान १८ असावं असं म्हटलंय. ते प्रामुख्याने थंड देशांसाठी, हे खरं. पण थंडीत रक्तवाहिन्या आकसतात आणि रक्तदाब चढतो, हे शरीरशास्त्र देश बघत नाही. बाबांना बीपीची गोळी चालू आहे. तेव्हा दीड अंशाचा प्रश्न होता, पण तो सोडवायचा होता बाबांच्या नकळत वीज न वाढवता!

माळवद परत आणायचं का?

असा विषय निघाला की कुणीतरी उसासा टाकून म्हणतंच, "आपली जुनी माळवदाची घरं काय छान होती!" होतीच. आमच्या आजोबांचं कळमनुरी तालुक्यातल्या खेड्यातलं घर तसंच. दीड-दोन हात जाडीच्या दगडमातीच्या भिंती, लाकडी तुळया, त्यावर फळ्या आणि त्यावर पांढऱ्या मातीचा जाड थर. दिवसभराचं ऊन त्या भिंतीतून आत झिरपायला रात्र व्हायची, आणि रात्रीचा गारठा आत पोचायला दुपार. म्हणून उन्हाळ्यात गार, हिवाळ्यात ऊबदार. मधोमध सवणं, म्हणजे माळवदाला ठेवलेलं भोक. उजेड तिथून आत, धूर तिथून बाहेर.

पण माझ्या आजीला विचारलं असतं तर तिने हा उसासा मधेच तोडला असता. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे चारच्या सुमाराला किल्लारीला भूकंप झाला आणि सुमारे दहा हजार माणसं गेली. बहुतेकांना मारलं ते याच भिंतींनी आणि याच छतांनी. दरवर्षी पावसाळ्याआधी माळवदावर नवी पांढरी माती चढवायची, त्यामुळे वर्षागणिक छत जड होत गेलेलं. जी जाडी ऊब द्यायची, तीच झोपलेल्या माणसांच्या अंगावर आली. आजी त्यानंतर कितीतरी महिने अंगणात झोपली. आजोबांनी हिंगोलीत प्लॉट घेतला आणि तीन खोल्यांचा स्लॅब टाकला. मराठवाड्यात अशी लाखो घरं बदलली असतील.

आणि भीती जुनी झालेली नाही. आमच्या जिल्ह्यात, विशेषतः वसमत तालुक्यातल्या पांगरा शिंदे परिसरात, जमिनीतून गूढ आवाज येण्याच्या बातम्या वर्षानुवर्षं येतात. २१ मार्च २०२४ ला पहाटे हिंगोलीत ४.५ रिश्टरचा धक्का बसला, पुन्हा १० जुलैला सकाळी तेवढाच. मार्चच्या धक्क्याला आई-बाबा गाऊन-बनियनवर रस्त्यात उभे होते आणि अर्धी गल्ली त्यांच्या सोबतीला होती. त्यामुळे "गच्चीवर मातीचा थर टाका, मडकी उलटी रचा, घर गार-ऊबदार राहील" असे सल्ले कुणी दिले तर मी आधी विचारते, त्या स्लॅबला वजन पेलेल का? ब्रिकबॅट कोबा करायचा असेल तर इंजिनिअरला दाखवूनच. पत्र्याच्या घरांवर वाऱ्याला म्हणून जे दगड ठेवतात, ते तर खाली घेतलेलेच बरे. पत्रा बोल्टने आवळता येतो.

म्हणजे माळवदाच्या भिंती नकोत. पण माळवदात राहणाऱ्यांच्या सवयी? त्यांना काही वजन नसतं.

घर नाही, माणूस हलवा

जुन्या वाड्यांत माणसं ऋतूप्रमाणे जागा बदलायची. उन्हाळ्यात ओसरीवर नाहीतर अंगणात, थंडीत माजघरात. आपण फ्लॅट-बंगल्यात आलो, 'मास्टर बेडरूम' ठरवली आणि तिथे बारा महिने खिळून बसलो. आमच्याकडे बाबांची खोली उत्तर-पूर्वेला. उन्हाळ्यासाठी फर्स्ट क्लास, थंडीत फ्रीज! पलंगाची उशीकडची बाजू उत्तरेच्या भिंतीला चिकटलेली, म्हणजे रात्रभर डोकं त्या गार भिंतीशी. २०२४ च्या दिवाळीत आठवडाभर घरी होते तेव्हा पहिलं काम केलं ते पलंग हलवण्याचं. पश्चिमेच्या खोलीची भिंत दुपारचं ऊन खाते आणि रात्री उशिरापर्यंत ते आत सोडत राहते. उन्हाळ्यात या खोलीला आम्ही शिव्या देतो. थंडीत तीच खोली देवासारखी. पलंग तिथे, आतल्या भिंतीला लावून. खर्च शून्य, फक्त शेजारच्या दोन मुलांना चिवडा-लाडू द्यावे लागले.

बाबांनी विरोध केला. "माझं कपाट इकडं, रेडिओ इकडं, अन् मी तिकडं झोपू?" मग रेडिओही हलला.

दुसरं काम खिडक्यांचं, आणि इथे जरा भूगोल आठवा. डिसेंबरच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात हिंगोलीत भर दुपारीसुद्धा सूर्य दक्षिणेला झुकलेला असतो, क्षितिजापासून साधारण ४७ अंशांवर. मेच्या तिसऱ्या आठवड्यात तो बरोबर डोक्यावर. म्हणजे दक्षिणेच्या खिडकीवर बेताचा छज्जा असेल तर उन्हाळ्याच्या दुपारी ऊन आत येतच नाही आणि थंडीत थेट घरात लोळण घेतं. (पुण्यातही गणित जवळजवळ हेच. भाड्याचा फ्लॅट बघताना मॉड्युलर किचनच्या आधी हे बघा!) आमच्या दक्षिणेच्या खिडकीच्या काचांना मात्र कुठल्यातरी एप्रिलमध्ये चिकटवलेले जुने पेपर तसेच होते. असे पेपर तुमच्याही गावाकडच्या घरात असणार, पैज लावते. ते खरवडून काढायला एक सकाळ गेली. त्या दुपारी फरशीवर उन्हाचा जो चौकोन पडला, त्यात आईने लगेच खुर्ची टाकली.

आणि वेळापत्रक. उन्हाळ्यात आपण सकाळी सगळं बंद करतो आणि रात्री उघडतो. थंडीत बरोबर उलटं. अकराला खिडक्या-दारं सताड उघडायची, गाद्या-गोधड्या गच्चीवर, आणि पाचच्या आत, ऊन उतरायच्या आधी, सगळं बंद करून जाड पडदे ओढायचे. लोक दिवेलागणीला बंद करतात, तोवर घरातली निम्मी ऊब पळालेली असते. आमच्या सरकत्या अॅल्युमिनियमच्या खिडक्यांची ब्रशची पट्टी पार झिजली होती, ती बदलून घेतली. सगळ्या कामात पैसे लागले ते एवढ्याचेच. दाराच्या फटीशी आईने जुन्या लुगड्याची वळकटी टाकली आणि टाइल्सवर सतरंजी अंथरली.

फक्त न्हाणीघराचा आणि स्वयंपाकघराचा झरोका बंद करायचा नाही. त्याचं कारण पुढे.

राहिली गोधडी. पुण्याच्या बुटिकमध्ये जिला 'हँडमेड क्विल्ट' म्हणून पाकिटावर टॅग लावून विकतात, ती आमच्याकडे आईने आणि शेजारच्या काकूंनी जुन्या साड्यांचे थर घालून शिवलेली असते. ऊब कापडात नसते, थरांमध्ये अडकलेल्या हवेत असते. म्हणून एका जाडजूड ब्लँकेटपेक्षा दोन पातळ गोधड्या बऱ्या, आणि एक अंगाखालीसुद्धा हवी. पायाशी गरम पाण्याची रबरी पिशवी. दोन लिटर पाणी तापवायला युनिटच्या सातव्या-आठव्या हिश्श्याएवढी वीज पुरते. हीटरची ती चार मिनिटं! आणि ज्यांना खरंच जास्त लागते, त्यांच्यासाठी इलेक्ट्रिक ब्लँकेट मिळतं. शंभर वॉटच्या आसपासचं असेल तर रात्रभरात एक युनिटसुद्धा जळत नाही. अख्खी खोली तापवण्यापेक्षा माणूस तापवणं स्वस्त पडतं, ते असं.

पाणी, पाणी

पण खरा खाऊ गीझर. वीस लिटरची बादली पहाटेच्या पंधरा अंशांवरून चाळीसवर न्यायची तर अर्ध्या युनिटहून जरा जास्त वीज लागते. ती रॉडने तापवा नाहीतर गीझरने. रॉडने बिल कमी येतं हा आमच्या गल्लीतला लाडका गैरसमज आहे. पाण्याला तेवढीच उष्णता लागते. फरक पडतो तो गीझर चालू ठेवून विसरण्याने, आणि पाणी कढत करून मग त्यात गार ओतत बसण्याने. शिवाय रॉड आणि लोखंडी बादली या जोडीने काय होऊ शकतं ते सांगायला नको. दोन हजार वॉट म्हणजे साधारण नऊ अँपिअर, तेव्हा हीटर असो की गीझर, टीव्हीच्या छोट्या प्लगमध्ये कुठलंच खुपसायचं नाही. जुन्या वायरिंगच्या घरात तर मुळीच नाही.

आमच्या गच्चीवरची काळी टाकी सकाळी सहाला पंधरा अंश दाखवते आणि दुपारी बाराला चोवीस. (थर्मामीटर हातात आला की माणूस कशाकशात बुडवतो!) म्हणजे तीच आंघोळ बाराच्या सुमाराला केली तर तिसऱ्या हिश्श्याहून जास्त वीज वाचते, आणि मुख्य म्हणजे गारठ्यात ओलं व्हायचं टळतं. हे गणित मी बाबांना कागदावर करून दाखवलं. गणिताच्याच मास्तरांनी ते तपासलं, बरोबर आहे म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी पाचलाच आंघोळीला उठले. आयुष्यभराचा नेम! शेवटी आईने निकाल लावला. "पहाटेची आंघोळ देवाला लागती. तुम्ही अकराला केली तर तो काय हजेरी मांडायलाय?"

गेल्या तेव्हापासून अकरा.

पूर्वी या सगळ्याला पऱ्हाट्या आणि तुराट्या असायच्या. कापूस-तूर निघाली की काड्यांचा ढीग परसात, चुलवणावर हंडा, नाहीतर तांब्याचा बंब. खेड्यात अजूनही आहे. ते उघड्यावर असतं म्हणून चालतं. भीती वाटते ती शहरात आलेल्या शेगडीची. आजीची शेगडी सवण्याखाली नाहीतर ओसरीवर असायची, धुराला वाट होती. आता तीच कोळशाची शेगडी लोक स्लॅबच्या खोलीत नेतात, सरकत्या खिडक्या घट्ट लावतात आणि झोपतात. कोळसा अर्धवट जळतो, कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेपट घट्ट चिकटतो. डोकं जड होतं, झोप आली असं वाटतं, आणि ती झोप मोडत नाही. धूर दिसत नाही म्हणून निखारे सुरक्षित, असं वाटणं हेच सगळ्यात घातक. बंद न्हाणीघरातल्या गॅस गीझरचंही तेच. म्हणून झरोका उघडा. दर हिवाळ्यात वर्तमानपत्रात अशा बातम्या येतात, आणि त्यातली माणसं पुष्कळदा घर नीट 'बंद' करूनच झोपलेली असतात. घरी फोन केलात की "जेवलात का"च्या पाठोपाठ हेही विचारा.

सोलरचा मुद्दा तुमच्या मनात आला असेलच. आमच्या भावाच्याही आला. (त्याच्या मनात जे येतं ते तीन दिवसांत घरी पोचतं, म्हणून घाईने बोलले.) २०२४ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान सूर्यघर योजनेत घरावरच्या एक किलोवॉट पॅनेलला ३० हजार आणि तीन किंवा त्याहून जास्तला ७८ हजार रुपये अनुदान ठरलं. ज्या घरात एसी आहेत, महिन्याला तीनशे-चारशे युनिट जळतात, त्यांनी जरूर बघावं. नव्वद युनिटवाल्या दोन म्हाताऱ्यांनी एवढा खर्च करावा असं मला वाटत नाही. सोलर वॉटर हीटरचंही तसंच. शंभर लिटरच्या संचाने वर्षाला पंधराशे युनिट वाचतात, असं सांगितलं जातं. पण ते वर्षभर रोज शंभर लिटर कढत पाणी वापरणाऱ्याचं गणित. हिंगोलीत मार्चनंतर टाकीचं पाणीच अंगावर घेववत नाही! दोघांच्या दोन बादल्या, तीन-साडेतीन महिने, म्हणजे फार तर सव्वाशे युनिट. सहा-सात माणसांच्या घरात मात्र हा संच नक्की घ्या, आणि तो आई-बाबांच्या नाही, तुमच्या खिशातून.

आईने स्वतःचं सोलर केव्हाच सुरू केलंय. माळ्यावरचं तांब्याचं घंगाळ चिंचेने घासून काढलं. रोज नऊला ते पाण्याने भरून गच्चीवर उन्हात ठेवते, वर काचेचं झाकण. अकरापर्यंत त्याला चांगली कोमट धग येते, वर एक तांब्या कढत पाणी की झालं. लहानपणी आम्हा दोघांना याच पाण्याने न्हाऊ घालायची म्हणे. बाबांच्या खोलीत, म्हणजे नव्या खोलीत, २०२५ च्या जानेवारीत पहाटे सहाला साडेएकोणीस अंश होते. आकडा बाबांनीच फोनवर सांगितला, एकाही दिवसाचा खाडा न करता वहीत लिहून ठेवलाय. त्या महिन्याचं बिल ८८ युनिटांचं.

हीटर पलंगाखाली खोक्यात आहे. भाऊ समजतो तो रोज चालू असतो.